झुडपी जंगलातला बेमुदत मांडव

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि आपला संबंध आहे की नाही हेच ज्यांना ठाऊक नाही अशा समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात या देशातील केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांचा समतोल गडचिरोली जिल्ह्यातल्या एका हळद लावलेल्या खांबावर टेकून उभा होता. खांब ऐनाच्या लाकडाचा होता. बुंध्याशी जरा वाकडा होता. त्याला पाठ लावून बसणारी तिसरीतली एक मुलगी सातच्या पाढ्यात कायम अडखळायची. सदर खांबाखाली शिकवणारा एकमेव शिक्षक मीच असल्याने ही माहिती अधिकृत समजावी. कोणाची हरकत असल्यास आता फार उशीर झाला आहे.

झाली घोषणा. आता साधं बोलतो.

मी चंद्रपूरकडच्या मूल गावचा. वडील तिथल्या राइस मिलमध्ये इंजिन सांभाळायचे. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा गेला. रिकाम्या झालेल्या फळीवर पुढे वडिलांनी संविधानाची एक जाडजूड प्रत आणून ठेवली. शेजारच्या घरांतून संध्याकाळी आरतीचा आवाज यायचा, तेव्हा आमच्याकडे वडील पाय धुऊन, चष्मा लावून कलमं वाचायचे. त्यांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे शेवटी येणाऱ्या तीन याद्या. केंद्राने काय बघायचं, राज्याने काय बघायचं आणि दोघांनी मिळून काय बघायचं. रेल्वे दिल्लीची, टपाल दिल्लीचं, लढाई दिल्लीची. पोलीस राज्याचे, बाजार राज्याचा, तलाव राज्याचे. मला हे ऐकताना फार सुरक्षित वाटायचं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी मालक आहे, कोणीतरी तिच्याकडे बघतं आहे, असा माझा समज झाला होता. हा समज घेऊनच मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी तो मोडला. मोडला म्हणजे, कलला.

शाळेची एक भिंत कलली होती. आत, मुलांच्या बाजूला.

एक खोली, पुढे पडवी, वर कवेलूंचं छप्पर, चौथीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक मी एकटा. दक्षिणेकडची मातीची भिंत वरून सुटली होती. तिच्यात आणि मयालीत, म्हणजे छताच्या आडव्या लाकडात, पहिल्या दिवशी माझी दोन बोटं गेली, होळीच्या सुमाराला मूठ जायला लागली. सकाळी शाळा उघडली की मी आधी बाकावर चढून त्या फटीत हात घालायचो, मग हजेरी. मुलांना वाटायचं, ही गुरुजींची काहीतरी पूजा आहे. एक पोरगं तर घरून फूल घेऊन आलं.

आवाजाने भिंत हलते असं माझ्या मनाने घेतलं होतं. शास्त्रात बसतं की नाही, ठाऊक नाही. पण शास्त्र त्या भिंतीखाली बसत नव्हतं. मी एकसुरात पाढे म्हणायला बंदी घातली. आमच्या शाळेत पाढे कुजबुजत म्हटले जात. बे एके बे, बे दुणे चार, जणू कोणाच्या घरी चोरी करायचा बेत चालू आहे. राष्ट्रगीत बाहेर पिंपळाखाली. शिंक आली तर पडवीत. रस्त्याने जाणारे लोक म्हणायचे, हा नवा गुरुजी पोरांना झोपवतो वाटते. मी सगळ्या मुलांना उत्तरेच्या भिंतीशी चिकटवून बसवलं होतं. खोलीचा निम्मा भाग मोकळा, आणि त्या मोकळ्या भागाकडे तोंड करून मी शिकवत उभा. शिकवताना एक डोळा फळ्यावर, दुसरा भिंतीवर. माझ्या डोळ्यांना तेव्हा लागलेलं ते वळण अजून गेलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतही मी आधी छताकडे बघतो.

नवीन खोली मंजूर नव्हती असं नाही. होती! विटा येऊन पडल्या होत्या, वाळू येऊन पडली होती आणि त्या वाळूत गावच्या कोंबड्यांनी संसार मांडले होते. अडलं होतं जागेवर. गावठाण गच्च, त्याच्या भोवती धानाची शेतं. देवळाचा ओटा होता, पण त्यावर माझ्या वर्गातली सगळीच पोरं बसू शकली नसती, आणि काही पोरांना खाली ठेवून बाकीच्यांना वर बसवायला मी गुरुजी झालो नव्हतो. उरलं शाळेमागचं माळरान. त्यावर एक पळस, काही बोराटीची झुडपं आणि दुपारी रवंथ करणारी जनावरं. पण सरकारी दप्तरात त्याचं नाव होतं 'झुडपी जंगल'. आणि जंगल म्हटलं की ऐंशी सालचा कायदा आला. जंगलाची जमीन जंगलाशिवाय दुसऱ्या कामाला द्यायची तर राज्याने आधी दिल्लीला विचारायचं.

मी वडिलांचं पुस्तक पाठ असलेला माणूस. छातीठोकपणे सरपंचांना सांगितलं, "जंगल राज्याच्या यादीत आहे. दिल्लीचा काय संबंध?"

सरपंच म्हणजे बारीक अंगाचा, मोठ्या मिशांचा, विडी विझलेली असतानाही ओढत राहणारा गृहस्थ. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची यादी जुनी होऊन राह्यली. नाकेदार भाऊले विचारा."

नाकेदार म्हणजे आमच्याकडे जंगल खात्याचा गार्ड. तो गावातच राहायचा. उंच, खांद्यात वाकलेला, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा आणि सतत घाबरलेला माणूस. वाघाला घाबरत नसे. खुलासा मागवणाऱ्या साहेबाला घाबरे. त्याची मुलगी माझ्याकडे तिसरीत होती. तीच, सातच्या पाढ्यात अडखळणारी.

"पगार मले मुंबईचं सरकार देते, गुरुजी," तो म्हणाला. "पण त्या माळावर कोणी खोदाले सब्बल मारली न, तं जबाब दिल्लीले द्या लागते. मंधात मी. माह्या बाजूनं कोणी नाई."

"तुमची पोरगी त्या भिंतीच्या खोलीत बसते, नाकेदार भाऊ."

"मले माहीत नाई का?" तो एवढंच म्हणाला आणि टोपी काढून पुन्हा घातली.

त्याच्यावर मी चिडायचो, पण तो कायद्याबद्दल वाईट बोलत नसे. तो सांगायचा, की आधी कोणीही मोठा माणूस मुंबईला जाऊन कागद आणायचा आणि मग सागाचे ट्रकच्या ट्रक जायचे. आता कागदाला दिल्लीपर्यंत जावं लागतं, तेवढ्यात झाड दोन पावसाळे जास्त जगतं. मला ते पटायचं. झाड जगत होतं हे खरंच. त्याच वेळी माझी मूठ फटीत जायला लागली होती हेही खरं.

आमचा प्रस्ताव गेला. आधी तो चंद्रपूरला गेला. जिल्हा नुकताच फुटून गडचिरोली वेगळं झालं होतं, म्हणून आपण नेमके कोणत्या जिल्ह्याचे हे ठरवण्यात त्याचा बराच काळ गेला. मग नागपूर, मग मुंबई, मग दिल्ली. तिथून विचारणा परत आली. या जागेवरची झाडं किती आणि कोणत्या जातीची, आणि ही जागा गेल्यावर बदल्यात झाडं कुठे लावणार?

सरपंचांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग पळसाकडे बघत म्हणाले, "येकच झाड हाये. थेही बकऱ्यायनं अर्धं खाल्लं. लिहा, अर्धं झाड."

"आणि बदल्यात जागा?"

"जागा असती, तं शाळाच तिथी नसती बांधली का?"

विचारणेला उत्तर गेलं. मग पुन्हा शांतता.

उन्हाळ्याची सुट्टी संपून मी परत आलो आणि कुलूप काढून बाकावर चढलो. फटीत हात कोपरापर्यंत गेला. पलीकडून कोणीतरी माझी बोटं चाटली. बाहेर वाळूच्या ढिगावर चढलेलं वासरू उभं होतं. मी हसलो नाही. मी खाली उतरलो, दार लावलं आणि सरळ सरपंचांच्या अंगणात जाऊन म्हणालो, "या खोलीत मी पोरं बसवणार नाही. नोकरी जाऊ द्या."

सरपंचांनी विझलेली विडी ओढली. "बसवू नका. मांडव टाकू माळावर. चार मेढी, वरून फांद्या, त्याच्यावर धानाचं तनस. मांडव म्हंजे काई बांधकाम नाई. बुनियाद नाई, वीट नाई. पावसाळा निंगते."

"मेढ रोवायची तर खड्डा लागेल. नाकेदार भाऊ?"

"थो आजच्या दिवशी दौऱ्यावर हाये," सरपंच मिशीत म्हणाले.

आणि इथे, वाचकहो, ती चूक झाली, जी आमच्याच गावात होऊ शकत होती.

गावात सगळ्यांची एक मोठीमाय होती. सगळी बाळंतपणं तिच्या हातची, सगळ्या लग्नांच्या हळदी तिच्या हातच्या. मांडव पडतो आहे हे तिच्या कानावर गेलं. कशासाठी पडतो आहे हे गेलं नाही, किंवा गेलं तरी तिने लक्ष दिलं नसावं. तिच्या उभ्या आयुष्यात मांडव एकाच कामासाठी पडत आला होता. आम्ही दुसऱ्या मेढीचा खड्डा खणत होतो, तोवर ती हळदीची वाटी, आंब्याचा डहाळा आणि सुताचं गुंडाळं घेऊन आली. पहिल्या मेढीच्या खड्ड्यात सुपारी टाकली, खांबाला हळद-कुंकू लावलं, डहाळा बांधला, सूत गुंडाळलं आणि लगोलग गाणं सुरू केलं. मागून चार बायका आल्या, त्यांनी ते उचललं.

सरपंच खड्ड्यात उभे राहून म्हणाले, "मोठीमाय, हे काय करून राह्यली? शाळा हाये इथी!"

"मेढ रोवली न हळद नाई लावली?" ती त्यांच्यावरच खेकसली. "गाव बुडवतं का रे बाप्पा?"

आता हळद लागलेली मेढ म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. तिच्याखाली लग्न लागेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. लग्नाआधी मांडव उतरला तर त्या घराचं, त्या गावाचं काही खरं नाही. ज्यांच्या घरी हे सगळं बंद झालेलं होतं त्या माझ्यासारख्यालासुद्धा तो खांब एका क्षणात वेगळा दिसायला लागला. पिवळा, ओला आणि कोणाची तरी वाट बघणारा.

संध्याकाळी नाकेदार परत आला. कोणीतरी त्याला वाटेतच सांगितलं होतं; तो तावातावाने माळावर चढताना मला दिसला. मी मनातल्या मनात राजीनाम्याची पहिली ओळ रचली. तो मांडवाच्या तोंडाशी आला आणि थबकला. मग त्याने, आपण काय करतो आहोत हे न कळता, पायांतल्या चपला काढल्या.

"हळद कोणी लावली?"

"मोठीमायनं."

गावाला लग्नकार्यासाठी जंगलातून बल्ल्या आणि फांद्या आणायचा जुना हक्क होता. निस्तार म्हणत त्याला. घरच्या गरजेपुरतं जंगल गावाचं, असा त्याचा अर्थ. दिल्लीने तो काढून घेतला नव्हता, मुंबईनेही नाही. नाकेदाराच्या चेहऱ्यावर हे सगळं एकेक करून उमटताना मी पाहिलं.

"म्हंजे लगनाचा मांडव हाये," तो शेवटी म्हणाला. त्याला स्वतःलाच ते ऐकायचं होतं. "मी तसंच कळवतो. लगन कधी हाये?"

सरपंचांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "आता चातुर्मास लागते. तुळशीच्या लगनापर्यंत मुहूर्तच नाई."

तुळशीचं लग्न म्हणजे दिवाळीनंतर. म्हणजे आख्खा पावसाळा! नाकेदाराने सुस्कारा सोडला. "लगन कोणाचं, म्हणून लिहू?"

माळावर वीसएक माणसं होती. त्यांत लग्नाच्या वयाचा, बिनलग्नाचा, स्वतःच्या पायावर उभा असलेला पुरुष एकच होता, आणि तो हळूहळू सगळ्यांच्या मागे सरकत होता.

त्या दिवसापासून मी नवरदेव. माझ्या चिंतेत त्यामुळे घट झाली नाही, तिचे दोन भाग झाले. पहिला भाग जुना. मांडव टिकेल का, नाकेदाराच्या वरचा कोणी येऊन तो पाडेल का, आणि पाडला तर पोरांना परत त्या भिंतीखाली न्यावं लागेल का? दुसरा भाग असा, की आता गाव खरोखरच माझं लग्न जमवायला लागलं. मांडव पडला आणि लग्न झालं नाही, हे गावाला चालणार नव्हतं. आठवडी बाजारातून बायका मुलींची वर्णनं घेऊन यायच्या. स्वतः नाकेदार रोज हजेरीच्या वेळी मांडवाच्या तोंडाशी उभा राहून विचारायचा, "गुरुजी, काई जमून राह्यलं का?" त्याच्या आवाजातली काकुळती माझ्यासाठी नव्हती, त्याने वर कळवलेल्या ओळीसाठी होती. पण इतक्या कळवळून माझ्या लग्नाची चौकशी माझ्या आईनेही कधी केली नाही.

बातमी मूलला पोचायची तेवढीच बाकी होती. ती पोचली, आणि वडील पहिल्या एसटीने आले. माळ चढून येतानाच कडाडले, "हळद लावली म्हणे! आमच्या घरात! आणि मले सांगतलं नाई?"

मी त्यांना मांडवात नेलं. मुलं कुजबुजत पाढे म्हणत होती. इथे भिंत नव्हती, तरी त्यांची सवय गेली नव्हती. वडील ऐकत राहिले. मग मी त्यांना जुनी शाळा दाखवली. त्यांनी फटीत हात घातला, काढला आणि इंजिनाचा बिघाड बघावा तसं बराच वेळ त्या भिंतीकडे बघितलं. परत येऊन खांबाशेजारी बसले. हळदीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

त्या दुपारी त्यांच्या खातर मी मुलांना आमचा खेळ खेळायला लावला. जमिनीवर दोन रेघा. डावीकडे दिल्ली, उजवीकडे मुंबई, मधली पट्टी दोघांची. मी वस्तूचं नाव घ्यायचं, पोरांनी पळायचं.

"रेल्वे!" सगळे दिल्लीत. त्यांच्यातल्या एकानेही रेल्वे पाहिलेली नव्हती, पण ती दिल्लीची आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

"पोलीस!" सगळे मुंबईत.

"टपाल!" पुन्हा दिल्ली. एकमेकांना ढकलत, धूळ उडवत.

"जंगल!" मी म्हणालो, आणि उजवीकडे बोट दाखवणार तोच वडील बसल्या जागेवरून म्हणाले, "थांब. थे आता मंधात गेलं. आणीबाणीत घटनादुरुस्ती झाली, तवा जंगल न शिक्षण, दोन्ही उचलून मधल्या यादीत टाकले. घरचं पुस्तक जुनं हाये."

"शाळापण?"

"शाळापण."

पोरं मधल्या पट्टीत जाऊन उभी राहिली. पट्टी अरुंद होती. नाकेदाराच्या मुलीचा एक पाय बाहेर येत होता, तो ती आत घ्यायची आणि दुसरा बाहेर जायचा. मी त्या पोरांकडे बघत होतो. दोघांच्या जागेवर उभ्या असलेल्या, दोघांच्या शाळेतल्या. लहानपणी ज्या याद्यांच्या जोरावर मी निर्धास्त झोपायचो, त्यांतली ही मधली रेघ मी पायाने पुसून थोडी बाहेर ओढली.

भिंत पडली ती भादव्यात, दुपारच्या सुट्टीनंतर. पाऊस नुसता भुरभुरत होता. मी फळ्यावर वजाबाकी लिहीत होतो. आवाज मोठा नव्हता. कोणीतरी दमून खाली बसावं तसा आला. मग कवेलू सरकल्याचा खडखडाट. मी वळलो तेव्हा शाळेच्या जागी धूळ होती. पाऊस पडत असताना धूळ उडालेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मी पोरं मोजली. चुकलो, परत मोजली. खांबाशी नाकेदाराच्या मुलीची जागा रिकामी होती.

"कुठी गेली ती?"

"तास द्याले गेली, गुरुजी."

आमची घंटा म्हणजे लोखंडी पट्टीचा एक तुकडा, तो अजून जुन्या पडवीतच टांगलेला होता. मीच पाठवलं होतं तिला, रोज कोणाला तरी पाठवायचो. पडवीचं ते टोक भिंतीपासून लांब होतं, असं मी मापून ठेवलेलं. मी पळालो. चिखलात घसरलो, उठलो. धुळीत काहीच दिसत नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. इतके महिने दुसऱ्यांना कुजबुजायला शिकवलं, आणि ओरडायची वेळ आली तेव्हा माझ्याच गळ्यातून कुजबुज निघाली.

तेवढ्यात घंटा वाजली.

एकदा, दोनदा, मग थांबेचना. धुळीतून मी आवाजाच्या रोखाने गेलो तर पडवीच्या टोकाला ती उभी, डोक्यापासून पायापर्यंत मातीच्या रंगाची, आणि दोन्ही हातांनी त्या पट्टीवर ठोके देत होती. डोळे गच्च मिटलेले. मी तिच्या हातातून ठोकायचा गज काढून घेतला तरी तिचे हात हवेत वाजवतच होते.

अवेळी घंटा ऐकून नाकेदार जंगलातून धावत आला. त्याच्या शर्टाची वरची गुंडी उघडी होती. त्याने मुलीला उचललं नाही, जवळ घेतलं नाही. तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या कानातली माती करंगळीने काढत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

भिंत पडली म्हटल्यावर आमच्या गावाला एकदम महत्त्व आलं. चारच दिवसांत जीप आली. आत जंगल खात्याचे साहेब. पन्नाशीचे, थकलेले, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडा-दगडावर पाय देणारे. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी पडलेली शाळा पाहिली, चुक् चुक् केलं, मुलांची चौकशी केली. मग नजर माळाकडे गेली.

"ते काय आहे?"

"लगनाचा मांडव, साहेब," सरपंच म्हणाले. "निस्तारातला."

साहेब मांडवाजवळ आले. आत माझे चारही वर्ग पाट्या घेऊन बसलेले, फळा मेढीला बांधलेला, फळ्यावर वजाबाकी.

"लग्न कोणाचं?"

मोठीमायने काठी माझ्याकडे केली. "या गुरुजीचं."

साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आणि नवरी?"

"पाहून राह्यलो, साहेब," सरपंच म्हणाले.

"ही मुलं?"

"वऱ्हाडी."

साहेबांना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. गिळताना आम्हा सगळ्यांना दिसलं. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "हे बघा, मला सगळं समजतं. पण तुमची केस दिल्लीत आहे. उद्या कोणी तपासायला आलं आणि परवानगीआधीच जंगलाच्या जमिनीवर शाळा चालू दिसली, तर तुमचा प्रस्तावच रद्द होईल. मला वर उत्तर द्यावं लागतं. हा मांडव आज निघाला पाहिजे."

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. मी फक्त विचारलं, "पोरं कुठे बसवू, साहेब?" त्यांनी पडलेल्या शाळेकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग वळून नाकेदाराला म्हणाले, "घ्या काढायला. पहिला खांब उपटा."

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्याच्यानंतर मला बोलायचं नाही. तो मांडव तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी उभा होता. त्यावर दोनदा तनस बदललं. दिल्लीहून परवानगी आली, खोली उठली, पण तोवर माझी बदली अहेरीकडे झाली होती. माझं लग्न पुढे मूलला झालं, हळदीशिवाय, आणि त्याला त्या गावातून दोन बैलगाड्या भरून वऱ्हाडी आले. मांडवाचं देणं फिटलं म्हणून मोठीमाय तिथे मोठ्याने रडली.

पण ते नंतर. त्या दुपारी नाकेदार पुढे झाला. चपला काढल्या. दोन्ही हात खांबाला घातले. हळद पावसाने फिकी झाली होती, तरी त्याच्या तळव्यांना लागली. खांबाच्या बुंध्याशी त्याची मुलगी पाठ टेकून बसली होती. ती उठली नाही, बापाकडे मान वर करून बघत राहिली. त्याने जोर लावला असं वाटलं, पण खांब हलला नाही, त्याचे खांदेच हलत होते. साहेब म्हणाले, "काय झालं?"

नोकरीत ज्याने कधी साहेबापुढे मान वर केली नव्हती, तो माणूस पिवळे हात तसेच पुढे धरून वळला आणि ओरडला, "साहेब, जमीन खोदाले दिल्ली लागते, झाड तोडाले मुंबई लागते, मले समजते! पण हळद लागलेली मेढ उपटाले कोण लागते थे सांगा न, मी आत्ता जाऊन त्याचा कागद आणतो!"